घट्ट शिवणीचे रजिस्टर

मरणे कोणालाही जमते. त्याला शिक्षण लागत नाही, ओळख लागत नाही आणि छायाचित्राच्या दोन प्रतीही लागत नाहीत. कोणी मेले आहे हे सिद्ध करायला मात्र जिवंत माणूस लागतो, आणि त्याची प्रकृती ठणठणीत असावी लागते. बाजारामागच्या गल्लीत वह्या-पुस्तकांची बांधणी करणाऱ्या बाइंडरला हे ज्ञान पन्नासाव्या वर्षी झाले, तेही नळामुळे.

बाइंडर आणि त्याची थोरली बहीण ताई एकाच घरात राहत. एके सकाळी त्यांचा पाण्याचा मीटर फुटला. मीटर आईच्या नावावर होता. आई जाऊन बावीस वर्षे झाली होती, पण पाणीपुरवठा खात्याशी तिचे संबंध सुरळीत होते.

"नवीन मीटरला ग्राहकाची सही लागेल. त्यांनाच पाठवून द्या," पाणीवाला कारकून म्हणाला.

"आई वारली हो," बाइंडर म्हणाला.

"मग तसा दाखला आणा." (दाखला आईकडून नव्हे, मृत्यू नोंदणी कचेरीतून आणायचा, हा खुलासा त्याने न विचारता केला. खात्यात सौजन्य सप्ताह चालू होता.)

तोवर ताई शेजारणीकडून पाणी आणू लागली. रोज अकरा बादल्या, दोन जिने. ताईचे वय अठ्ठावन्न होते आणि गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. मृत्यूचा दाखला घरी पूर्वी एक होता. तो फार जपून ठेवल्यामुळे सापडत नव्हता.

मृत्यू नोंदणी कचेरीची व्यवस्था वाखाणण्यासारखी आहे. खिडकी पहिली, अर्ज देण्याची. खिडकी दुसरी, अर्ज घेण्याची. खिडकी तिसरी, बंद. अर्जात अकरा रकाने असून चौथा 'मृत्यूची तारीख' हा आहे. तो भरल्याशिवाय शोध घेत नाहीत, आणि तारीख हवी असेल तर ती दाखल्यावर असते. यात काही चुकीचे आहे असे फक्त नवख्या माणसाला वाटते. कचेरीच्या पाहणीनुसार शंभरातले एकाहत्तर अर्जदार या रकान्यापाशी पेन तोंडात घालतात.

बाइंडरनेही घातले. वर्ष त्याला पक्के माहीत होते. वार शुक्रवार होता, हेही. ताईच्या मते तो मंगळवार होता, आणि या एका वारावरून बहीण-भावांत बावीस वर्षे खडाजंगी चालू होती.

अशांसाठी कचेरीने पुरवणी अर्ज ठेवला आहे. त्यात मयताच्या आगेमागे वारलेल्या दोन व्यक्तींची नावे लिहायची असतात. बरोबर आलेल्या ताईने एका दमात सात सांगितली: वाकडा न्हावी, बेकरीवालीची सासू, दोन पेन्शनर आणि असेच. एवढा माल बघून शोधबाई खूश झाली. शोधबाई म्हणजे जुनी रजिस्टरे सांभाळणारी कारकून. नगरातले कोण कोणाच्या पाठोपाठ गेले हे तिला तोंडपाठ होते. नऊ मिनिटांत तिने नोंद काढली. न्हाव्यानंतर तिसरी.

आईचे नाव होते, वय होते, पत्ता होता. तारीख तेवढी नव्हती. तारखेचा रकाना पानाच्या अगदी आतल्या कडेला होता आणि तो शिवणीने गिळला होता. त्या काळी नोंदी सुट्या पानांवर करत आणि वर्षअखेरीस ती पाने बांधायला देत. त्या वर्षी नगरात सहाशे बारा माणसे मेली. ती मेली याबद्दल दुमत नाही. कधी मेली हे त्यानंतर कोणालाच सांगता आलेले नाही.

"कुठल्या गाढवानं बांधलंय हे?" बाइंडरने व्यावसायिक तिरस्काराने विचारले.

शोधबाईने रजिस्टर उलटे केले. पुठ्ठ्याच्या आत त्याच्याच दुकानाचा शिक्का होता.

त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी पान फाडून नेले होते, म्हणून कचेरीच्या साहेबांनी 'घट्ट शिवा' असा लेखी हुकूम दिला होता. एकही पान हलत नाही म्हणून नंतर प्रशस्तिपत्रही दिले होते. ते दुकानात अजून चौकटीत लटकत आहे. त्या वर्षी आपण दोरा जरा जास्तच ओढला होता, हे बाइंडरला आता आठवले. हात ऐकत नव्हते त्या वर्षी. आणि नोंदी त्याने वाचल्या नव्हत्या. बाइंडर वाचत बसला की शिवण वाकडी जाते.

"काळजी नको," शोधबाई पानाच्या बाहेरच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली. "इथं खबर देणाऱ्याची सही आहे. त्यांना तारीख माहीत असणार. विचारून या."

बाइंडरने सही बघितली. "हा मीच आहे."

"मग विचारा की."

बाइंडरने विचारले. उत्तर शुक्रवारच आले.

शिवण उसवण्याचे नियम स्पष्ट आहेत. (एक) शिवण मान्यताप्राप्त बाइंडरनेच उसवावी. (दोन) अर्जदाराने रजिस्टरला हात लावू नये. मान्यताप्राप्त बाइंडरांच्या यादीत एकच नाव होते. ज्यांना या ठिकाणी पेच दिसतो त्यांनी शोधबाईची नोकरी तीन दिवस करून बघावी. तिने सरळ दोन चिठ्ठ्या फाडल्या. बाइंडर म्हणून तो सव्वाअकराला आत आला, दाभणाने बावीस वर्षांपूर्वीचा दोरा तोडला आणि पावणेबाराला बाहेर गेला. लगेच तो अर्जदार म्हणून बाकावर बसला आणि आतल्या माणसाला फार वेळ लागतो अशी कुरकुरही त्याने केली. ताई साक्षीदार म्हणून आत होती.

शोधबाईने दारातून वाचून दाखवले, "रविवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं."

मंगळवारही नव्हता आणि शुक्रवारही नव्हता. दोघेही चुकले म्हटल्यावर भांडायला काही उरले नाही. ताई भावाच्या शेजारी येऊन टेकली.

दाखला लगेच छापून आला. नाव, तारीख, वेळ, सगळे बिनचूक. ताईने चष्मा लावला आणि रकाना नववा मोठ्याने वाचला. "मयताचा व्यवसाय: काही नाही."

"हे कोणी लिहिलं?" तिने विचारले.

"खबर देणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे," शोधबाई म्हणाली.

"काही नाही? अरे, तो नळ घरात यावा म्हणून आईनं पाण्याच्या कचेरीत तीन वर्षं खेपा घातल्या. म्हणून तर मीटर तिच्या नावावर आहे. आणि तुझ्या दुकानात खळ कोण शिजवायचं? पानं कोण दुमडायचं? सुईत दोरा तरी तू कधी ओवलास का रे?"

बाइंडरने दाखला तिच्या हातातून घेऊन नववा रकाना स्वतः वाचला. त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली, आणि सरकारी इमारतीत ही भावना विरळा असल्यामुळे शोधबाईने आदराने खुर्ची पुढे केली.

"दुरुस्ती होते," ती म्हणाली. "फक्त मयत जिथं कामाला होत्या तिथल्या मालकाचं पत्र लागतं."

"मालक हा काय, इथंच बसलाय," ताई म्हणाली.

दाखला पाणी खात्यात दिल्यावर आठ दिवसांत नळाला पाणी आले. मीटर आता ताईच्या नावावर आहे. मालकाच्या पत्राला जास्त वेळ लागला, कारण बाइंडरने ते चार वेळा लिहिले. शेवटचे असे: 'सदर बाई आमच्या दुकानात सहा वर्षे खळ शिजवणे, पाने दुमडणे व दोरा ओवणे या कामावर होत्या. त्याआधी व त्याच वेळी घरी छत्तीस वर्षे पाणी भरणे आणि इतर सर्व. रजा घेतल्याची नोंद नाही. काम उत्तम. तसे सांगायचे राहून गेले. काम सोडण्याचे कारण: मृत्यू.' पत्र कचेरीला पोचले असून अर्ज विचाराधीन आहे. रजिस्टर त्याने पुन्हा बांधून दिले, या खेपेला आतली कड सोडून.

हे वाचून ज्यांना कचेरीचे हसू आले असेल त्यांच्या सोयीसाठी अर्जाचे काही रकाने इथे देत आहोत. आईचे संपूर्ण नाव, लग्नाआधीच्या नावासह. जन्मतारीख. जन्मगाव. व्यवसाय. कोणाला फोन न करता भरायचे आहेत. वेळ पाच मिनिटे आहे आणि पेन तोंडात घालायला परवानगी आहे. आई हयात असेल तर फोन करण्याची सवलत मिळते, पण ती मर्यादित काळासाठी आहे. व्यवसायाच्या रकान्यात अडलात तर घाबरू नका. तो दीड इंच रुंद असून त्यात 'काही नाही' बरोबर मावते. खात्याने रुंदी तुमच्यासारख्यांची उत्तरे बघूनच ठरवली आहे.