खिंडीत धापलेल्या रथाची हकीकत

जी विपुल असता मोल कळत नाही, त्या हवेस नमन करून लेखणी चालविली. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, वैशाखमास. ते समयी उंच पहाडी एक राज्य होते, नाव पुसो नये. तेथे मैदानी मुलखातून हैबतराव सरदार ठाण्यावर आले आणि समागमे आपला मोटाररथ आणिला. त्याचे इंजिन धाकटे बंधू रखमाजी यांनी स्वहस्ते बांधिलेले. रखमाजींनी जपावे आणि रावांनी चालवावे, ऐसी दोघांची वाटणी असे. पुढे रखमाजी ज्वराने कैलासवासी झाले आणि रावांस त्यांचे म्हणोन इंजिनच राहिले. आता पहाडी हवा पडली विरळ. मैदानी ज्या रथापुढे कोणी टिकत नसे, तो खिंडीचे चढणीवर धापू लागला, आणि दूधवाले तात्या आपला जुना टेम्पो घेवोन पुढे निघोन गेले, वर जाता जाता हातही केला. कोणी हसले नाही, परंतु रावांस सारा मुलूख हसल्यासारिखे झाले. बंधूचे इंजिनाची अब्रू गेली, हे मनी घेतले आणि मग नायट्रसची निळी टाकी मागविली. तो वायु इंजिनात सोडिला असता प्राणवायु सुटतो, पेट्रोल जोमाने जळते आणि रथ उधळतो, ऐसी त्याची करणी.

रथखान्याचे मिस्त्री सिदोजी. पहाडी रिवाज ऐसा, की हवा कमी तर पेट्रोलही कमी. जो रथ वर येईल त्याचे पेट्रोलाचे छिद्र बारीक करावे. तेणेप्रमाणे त्यांनी टाकीचे जोडीस येणारे पेट्रोलही कमी केले आणि रावांनी बरे म्हटले. रखमाजी असते तर पुसते. रावांच्या पत्नी सगुणाबाई तेवढ्या उंबऱ्यात उभ्या राहोन म्हणाल्या, "बाहेरची हवा विरळ, हे खरे. टाकीतलीही विरळ आहे का?" राव आणि मिस्त्री दोघेही पाना फिरवीतच राहिले. मग राव खिंडीस गेले, टेम्पो पुढे दिसताच टाकीची कळ दाबिली, आणि काय सांगावे, रथ जो उसळला तो टेम्पो मागे टाकोनच राहिला, आणि रावांचे मुखातून "रखम्या, बघ रे" ऐसा शब्द गेला. तोच आत खाडकन वाजले, पांढरा धूर निघाला आणि रथ उभा राहिला. टाकीतील वायु पुरा, पेट्रोल मात्र अर्धपोटी. आच ऐसी चढली की पिस्टन वितळोन भोक पडले. टाकीस पहाड ठाऊकच नव्हता.

तात्यांनी टेम्पोस दोर बांधोन रथ ओढोन आणिला. राव तो पिस्टन हाती घेवोन रडले. सिदोजी म्हणो लागले की चूक आमची. राव म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही रिवाज पाळलात. मी आजवर नुसता चालवीत आलो. आता शिकवा." मग पावसाळाभर राव रथखान्यात बसले, हात तेलाने काळे झाले, नवा पिस्टन घातला आणि टाकीचे पेट्रोल पुरे केले. आश्विनमासी रथ पुन्हा खिंडीस लागला आणि मागोन टेम्पो आला. कळ अंगठ्याखाली होती. राव इंजिनाचा आवाज ऐकत राहिले, जो आजवर कधी ऐकिला नव्हता. धापत होते, परंतु ठोका चुकत नव्हता. मग रथ कडेस घेतला, तात्यांस वाट दिली, आणि या खेपेस हात आधी रावांनी केला.

एवंच रथाची हकीकत. टाकी अद्याप रथात आहे, भरलेली आहे. राव आता चालवितात आणि जपितातही.