नव्वदाच्या भिंतीवरची पाटी

हार्लन डीट्झच्या बोटीचा वेग दोन मैलांनी घटल्याची वेगवान बोट मंडळाने गंभीर दखल घेतली. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या त्या तळ्यावर ताशी नव्वद मैल धावणारी ही बोट यंदाच्या चाचणीत अठ्ठ्याऐंशीवर अडकली होती. रविवारपर्यंत नव्वद झाले नाहीत, तर मंडळाच्या भिंतीवरून नव्वद गाठल्याची हार्लनची पितळी पाटी उतरणार होती. शेजारची पाटी त्याच्या भावाची, रॉयची. रॉय आता नव्हता. दोघांनी याच बोटीवर, एकाच उन्हाळ्यात त्या पाट्या मिळवल्या होत्या.

हार्लनची बायको व्हर्लीन धक्क्यावर बटाटे सोलत बसली होती. तिला तो उन्हाळा आठवत होता. तेव्हा काठावरचे म्हातारे बिअरची बाटली उंच धरत, की झाले नव्वद. यंदापासून मात्र बोटीत साक्षीदार सक्तीचा होता. साक्षीदार म्हणजे अध्यक्ष बक होल्टमायर. सभेत त्याच्यासाठी दोन खुर्च्या जोडाव्या लागत.

"इंजिनात दोष मुरलाय," बक धापा टाकत बोटीतून उतरताना म्हणाला.

"आणि तुझ्या वजनाचं काय, बक?" व्हर्लीनने विचारलं.

"साक्षीदाराला वजन नसतं, व्हर्लीन. तो तटस्थ असतो."

दोष शोधायला बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याचा तज्ज्ञ नेमला गेला. तो चार जादा पंखे घेऊन बकशेजारी बसला. वेग पंच्याऐंशी. दोष बळावतोय असं ठरून इंधनाचा तज्ज्ञ डबे घेऊन चढला. ऐंशी. मग टिपणं घ्यायला चिटणीस, आणि चिटणिसावर देखरेखीला खजिनदार. प्रत्येक फेरीआधी डुकराच्या भाजलेल्या बरगड्यांचं जेवण होई. रविवारी दुपारी बोट पाण्यातून नाक वर काढेना.

"मनाला लावून घेऊ नकोस, हार्लन," बक म्हणाला. "बोटी म्हाताऱ्या होतात."

पाटी दुसऱ्या कोणी काढण्यापेक्षा आपणच काढलेली बरी, म्हणून हार्लन पेचकस आणायला गेला. बोटीत बसलेली ही सगळी समिती अहवाल लिहायला आणि जेवायला मंडळाच्या खोलीत गेली. बोट घरी न्यायची म्हणून व्हर्लीनने सामान धक्क्यावर उतरवलं आणि एकटीच निघाली. मोकळं पाणी दिसताच तिने वेगाचा दांडा पुढे लोटला. काटा नव्वदावर टेकला. काठावर त्या जुन्या म्हाताऱ्यांपैकी उरलेल्या एकट्या एमॉसने बाटली उंच धरली.

ती तशीच परतली. "बक, नव्वद झाले."

"बोटीत साक्षीदार होता?"

"नव्हता. म्हणूनच झाले."

"मग नाही झाले," बक म्हणाला, आणि दुसरी बरगडी उचलली.

हार्लनने चारही स्क्रू काढले. भिंतीवर रॉय एकटा राहिला.

अहवाल एकमताने मंजूर झाला. पुढच्या वर्षी समिती वाढवायची आहे. एक जागा अशा नागरिकासाठी राखून ठेवली आहे, ज्याने सगळं पहिल्यापासून पाहिलं, ज्याला दोष केव्हाच कळला आणि जो शेवटपर्यंत गप्प बसला. तुमचं नाव सुचवलं आहे. वजन कोणी विचारणार नाही.