डावं पुढचं चाक

घर्रर्र असा आवाज झाला आणि मास्तरांनी आधी गल्लीत कोणी आहे का ते पाहिलं, मग गाडी थांबवली. क्रम उलटा हवा होता. शिकायला येणाऱ्यांना तर ते रोज उलटाच सांगत. पण सकाळचे सात वाजले होते आणि गल्लीत एका मांजराखेरीज कुणी नव्हतं. मास्तर उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि वाकले. पुढच्या चाकाच्या रिमवर वीतभर लांब ओरखडा उठला होता, आणि फुटपाथच्या कडेवर रिमची चंदेरी रेघ. त्यांनी ती रेघ बुटाने पुसून पाहिली. ती काही पुसली जाईना.

तेवढ्यात समोरच्या फाटकाची कडी वाजली. मास्तर चपळाईने डावीकडच्या सीटवर जाऊन बसले आणि काचेतून सरळ समोर बघू लागले. सकाळच्या शिकवणीच्या नर्सबाई आल्या, स्टिअरिंगमागे बसल्या, पट्टा लावला, आरसा नीट केला.

तासभर त्यांनी गाडी बरी चालवली. शेवटी गाडी कडेला लावून दोघं उतरली तेव्हा मास्तरांची नजर, जणू आत्ताच, चाकावर गेली.

"अरेच्चा," ते म्हणाले.

"अगं बाई! माझ्याकडून झालं?" नर्सबाईंचा चेहरा पडला. "मला तर कळलंसुद्धा नाही हो!"

आता हो किंवा नाही, यातलं काहीतरी म्हणायला हवं होतं. मास्तर दोन्हींतलं काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी मोठ्या मनाने मान हलवली आणि म्हणाले, "होतं असं. शिकताना होतंच."

न केलेल्या गुन्ह्याबद्दल माफी मिळाली की माणूस फार उपकृत होतो. नर्सबाईंनी हात जोडले.

मास्तरांची ड्रायव्हिंगची शाळा म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, एक गाडी आणि एक पाटी. पाटीवर लिहिलं होतं, 'तेवीस वर्षं. गाडीला एक ओरखडा नाही.' वर्ष बदललं की ते स्वतः ब्रश घेऊन आकडा बदलत. काटेकोर बोलायचं तर शाळा सुरू झाली त्याच वर्षी एक ओरखडा पडला होता, पण तो बायकोचा, म्हणून मास्तर तो धरत नसत. उलट तो त्यांच्या फार उपयोगी पडे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते ती गोष्ट सांगत. बायकोला स्वतः शिकवलं, लायसन्स काढून दिलं, आणि बाईसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी डावं चाक फुटपाथला घासलं! "त्यानंतर तिनं आजपर्यंत स्टिअरिंगला हात लावलेला नाही," असं म्हणून ते थांबत. ऐकणारा हसे. आतल्या खोलीत बायको निवडणं-टिपणं करत असे, आणि तिला ही गोष्ट कुठे थांबते, कुठे हसू येतं, सगळं पाठ होतं.

नर्सबाईंच्या ओरखड्यानंतर चौथ्या दिवशी बँकेतल्या कारकुनाच्या दारात पुन्हा घर्रर्र झालं. कारकून तेव्हा जिन्यात चपला घालत होता. तासाच्या शेवटी त्यालाही माफी मिळाली. मग मास्तर गाडी कडेपासून लांब उभी करू लागले, इतकी लांब की एक दूधवाला गाडी आणि फुटपाथ यांच्या मधून सायकल घेऊन निघून गेला. मागचे लोक भोंगे वाजवून शिव्या घालू लागले, तेव्हा मास्तरांनी पुन्हा कड धरली आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात तिसऱ्यांदा चाक घासलं. या बाईंना सगळे हेडबाई म्हणत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःची चूक निघालेली पाहून त्या इतक्या खचल्या की मास्तरांना त्यांच्यासाठी पाणी मागवावं लागलं.

"होतं असं," मास्तर म्हणाले. "शिकताना होतंच."

हे सगळं विनोदी वाटेल, पण मास्तरांना हसू येत नव्हतं. ते घाबरले होते. गेले काही महिने जगाची डावी कड कुठेतरी गळून पडत होती. दाराची चौकट डाव्या खांद्यावर आदळायची. ताटाच्या डावीकडचं भांडं कोपराने उलटायचं. एकदा न्हाणीघरात आरशासमोर त्यांनी उजवा डोळा हाताने झाकून पाहिला होता, आणि लगेच हात काढून घेतला होता. जे दिसलं नाही ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गाडी सोडली तर हा माणूस दुसरं काय करणार होता? त्याला बाकी काही येत नव्हतं.

"दार तिथंच आहे हो," बायको एकदा खांद्याला मलम लावताना म्हणाली. "तेवीस वर्षं तिथंच आहे."

"सुताराने वाकडं बसवलंय."

"आणि भांडं?"

"तू कडेला ठेवतेस."

बायकोने मलमाचं झाकण लावलं आणि ती मुकाट्याने आत गेली. तिच्या गप्प बसण्याला मास्तर घाबरत, कारण त्यात भांडायला जागाच नसे.

खरा घोळ नर्सबाईंचा झाला. त्यांना घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करायची नोकरी मिळत होती, पण एक तारखेच्या आत लायसन्स दाखवलं तरच. परीक्षेची तारीख आणि गाडी मास्तरच देत. आता तीन ओरखड्यांचा आणि मास्तरांच्या माफीच्या वाक्याचाही बभ्रा झालेला. नर्सबाईंना परीक्षेला पाठवलं तर लोक म्हणणार, चाकं घासणारीला कशी पाठवली? आणि थांबवलं तर त्यांच्या नोकरीचं पाप डोक्यावर. मास्तरांनी आपल्या डोक्यापेक्षा पाटी सांभाळली.

"चाक घासायचं सुटल्याशिवाय परीक्षा नाही," ते म्हणाले.

"अहो मास्तर, माझी नोकरी जाईल."

"मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." हे वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

पण गाडी शिकणारी माणसं एकमेकांना भेटतातच. लायसन्सच्या कचेरीत लांबलचक रांग असते आणि रांगेत बोलण्याशिवाय उद्योग नसतो. कागदपत्रं द्यायला गेलेले कारकून, हेडबाई आणि नर्सबाई तिथे एकामागे एक उभे राहिले. बोलता बोलता कळलं, की तिघांनीही घासलं ते डावं पुढचंच चाक, आणि तिघांपैकी कुणालाही घासल्याचं आठवत नाही. हेडबाईंनी निष्कर्ष काढला. गाडीच डावीकडे ओढते! मास्तर बिचारे भाबडे, त्यांना कळलेलं नाही. अशा गाडीत जीव जायचा एखाद्याचा.

रविवारी सकाळी तिघंही मास्तरांच्या दारात हजर झाली आणि सोबत कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला मेकॅनिक घेऊन आली.

"तुमच्या काळजीनंच आणलंय याला," हेडबाई म्हणाल्या. काळजीला मास्तर नाही कसं म्हणणार?

मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, चाक फिरवलं, हलवलं, खाली शिरून ठोकलं. मग रस्त्यावर एक चक्कर मारून आला. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"गाडी ठणठणीत आहे," मेकॅनिक हात पुसत म्हणाला.

"नीट बघा," कारकून म्हणाला. "तीन माणसांकडून कसं झालं मग?"

"तीन कुठली? एकच माणूस आहे हा." मेकॅनिकने उकिडवं बसून ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "नवशिका कसाही घासतो. कधी पुढचं, कधी मागचं, कधी चाक सोडून दारच. हे बघा, तिन्ही ओरखडे एकाच चाकाला, एकाच तिरपेनं. हा सवयीचा हात आहे. ह्याला गाडी येते, चांगली येते. कड तेवढी दिसत नाही."

कारकुनाने विचारलं, अगदी साधेपणाने, "आपल्या दारात गाडी आणतं कोण?"

मास्तर हसले. पाटीकडे बघून हसले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. "काहीतरीच तुमचं! माझी नजर अजून—"

"मास्तर, समोर बघा," नर्सबाई म्हणाल्या. त्या त्यांच्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मान वळवू नका. माझी बोटं किती?"

"कुठली बोटं?" मास्तरांनी विचारलं.

ट्रेमधले कप एकदा वाजले आणि थांबले. नर्सबाईंची तीन बोटं मास्तरांच्या गालापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी ती हळूहळू मिटली. त्या चिडून आल्या नव्हत्या, पण आता चिडल्या होत्या, आणि चिडावं तरी कसं हे त्यांना कळत नव्हतं.

"पंधरा दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस! आणि तुम्ही मला माफ केलंत." मग त्यांचा आवाज ड्यूटीवरचा झाला. "उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

"उद्या तुमची परीक्षा आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी आतून नर्सबाईंचा अडवून ठेवलेला परीक्षेचा कागद आणला, खिशातून पेन काढलं आणि गाडीच्या टपावर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली. सही कागदाच्या बरीच उजवीकडे झाली. "गाडी घेऊन जा. मी परवा जातो."

सोमवारी नर्सबाई पास झाल्या. परीक्षकाने त्यांना गाडी कडेला लावायला सांगितली, तेव्हा चाक आणि कड यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं, असं त्यांनी गाडी परत देताना सांगितलं. मास्तर "शाबास" म्हणाले. मंगळवारी नर्सबाईंच्या नव्या नोकरीतलं पहिलं घर होतं, म्हणून त्या डॉक्टरांकडे सोबत येऊ शकल्या नाहीत.

"रिक्षाने जाऊ," मास्तर म्हणाले.

"रिक्षा कशाला?" बायकोने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. लायसन्स होतं. तिचं. मुदत अजून बरीच शिल्लक होती.

"हे कधी...?"

"दर वेळी मुदत संपली की नवीन करून आणत होते. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही. किल्ली द्या."

ती पहिल्या गिअरमध्येच अर्धा रस्ता गेली. मास्तर डावीकडे बसून होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

डॉक्टर तरुण होत्या आणि गोडगोड बोलत नसत. काचबिंदू, त्या म्हणाल्या. जेवढी नजर गेली ती परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर रोज थेंब घालायचे, न चुकता. गाडी चालवणं आजपासून बंद.

"शेजारी बसून शिकवलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या बाजूने सायकलवाला आला तर कोण बघणार?"

दूधवाला मास्तरांना आठवला. तो त्या दिवशी वाचला होता, आणि मास्तरांनी तो पाहिला होता तो पार पुढे निघून गेल्यावर.

परतीच्या वाटेवर थेंबांची बाटली मास्तरांच्या शर्टाच्या खिशात होती. घर आलं. बायकोने वेग कमी केला, जीभ दातात धरली, आणि गाडी फुटपाथकडे घेतली.

घर्रर्र.

तिने ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून ती समोर बघत राहिली. ती वाट बघत होती. तेवीस वर्षांपूर्वीही, चाकावरचा ओरखडा बघून आल्यावर, ती अशीच बसली होती, आणि तेव्हा मास्तर इतके ओरडले होते की शेजारचे गॅलरीत आले होते.

मास्तरांच्या तोंडात वाक्य तयार होतं. होतं असं, शिकताना होतंच. गेल्या पंधरा दिवसांत ते त्यांनी तीनदा फुकट वाटलं होतं. आज ते खऱ्या हक्काचं होतं आणि आज ते तोंडातून बाहेर पडेना.

"तो पहिला ओरखडा," ते म्हणाले, "तुझा नव्हता."

बायको हलली नाही.

"आदल्या संध्याकाळी मीच घासली होती. तुला गाडी दिली तेव्हा तो आधीपासून होता. सकाळी तू कडेला लावलीस आणि उतरून बघून म्हणालीस, माझ्याकडून झालं का. मी..." त्यांनी डोळे मिटून घेतले. "पाटी नुकती रंगवली होती."

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. मास्तरांना त्या फक्त ऐकू आल्या, कारण त्यांचे डोळे मिटलेले होते. एकदाचं ओरडावं हिने, असं त्यांना वाटत होतं. गॅलरीत शेजारी आले तरी चालतील.

बायकोने किल्ली काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"होतं असं," ती म्हणाली. "शिकताना होतंच."

ती उतरली. ती गाडीला वळसा घालून डावीकडे आली, ते मास्तरांना दिसलं नाही. दार उघडलं तेव्हा ते दचकले.

"हात द्या," बायको म्हणाली. "कड उंच आहे."