डब्यातल्या मालनबाई

मालनबाई हरवल्याचं दिनकररावांना शुक्रवारी संध्याकाळी कळलं.

तसं पाहिलं तर मालनबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी वर्षश्राद्ध होतं. पण त्या मालनबाई म्हणजे दिनकररावांच्या बायको. शुक्रवारी हरवल्या त्या दुसऱ्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, प्लास्टिकच्या, हिरव्या साडीतल्या. त्या बिस्किटाच्या चौकोनी डब्यात राहायच्या आणि डबा तांदळाच्या पिंपामागे असायचा. आता तिथे डब्याच्या बुडाचा गंजका चौकोन तेवढा उरला होता.

आणि त्याच सकाळी दिनकररावांनी परभणीतल्या आपल्या कचेरीत छाती ठोकून सांगितलं होतं, "रविवारी घर पुरं होणार. एक वीट चुकणार नाही. नकाशा संगणकावर काढलाय. माणूस चुकंल, ते यंत्र चुकत नसतं."

घर म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. दिनकररावांना मूलबाळ नव्हतं. मस्कतच्या भाच्याला हे चांगलं ठाऊक होतं, तरी त्याने मामाला खेळण्यातल्या विटांचं खोकं आणून दिलं. एकमेकीत रुतून बसणाऱ्या रंगीत विटा, आणि सोबत पिवळ्या चेहऱ्याची माणसं. माणसाचं डोकं निघायचं, हात निघायचे, कंबरेखालचा भाग निघायचा. मालनबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोरांना कशाला द्यायचं हे? आपणच खेळू."

कचेरीत नुकताच संगणक आला होता. त्याच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. दिवसभर ज्वारी-कापसाचे आकडे भरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत दिनकरराव त्यावर घर बांधायचे. एक चौकोन म्हणजे एक वीट. अशा चौकोनांच्या ओळीवर ओळी रचून त्यांनी भिंती काढल्या, खिडक्या काढल्या. दार किती उंच ठेवायचं यासाठी एका माणसाची टोपी काढून त्याला पट्टीने मोजलं. नकाशा छापून निघाला तेव्हा साहेबांनी तो कोंबड्यांच्या खुराड्याचा आराखडा समजून त्यावर सही केली. म्हणजे सरकारी मंजुरीही मिळाली होती.

माणसं मालनबाईंनी केली. त्यांत आग विझवणारा एक लाल कोटवाला होता; त्याची टोपी काढून, चष्मा रंगवून त्याचे दिनकरराव केले. शेवटी स्वतःला केलं. हिरवी साडी, कपाळावर थोडं डावीकडे गेलेलं कुंकू. पुट्टीत काजळ मळून मागे अंबाडा बसवला. एकच गोष्ट जमली नाही. त्या माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या निघेना. टाचणीने खरवडलं, रॉकेलने पुसलं, तरी हसू तसंच.

"राहू द्या," मालनबाई म्हणाल्या. "कुणीतरी हसायला पाहिजे घरात."

तेव्हा त्या दवाखान्यातून आलेल्या होत्या. केस फार गळायचे. त्यांनी गळलेल्या केसांची बट आगकाडीला दोऱ्याने बांधून कुंचला केला होता. त्याच कुंचल्याने कुंकू लावलं. आणि सांगून ठेवलं, "मला इतक्यात आत ठेवायचं न्हाई. आधी घर पुरं करा. जन्मभर भाड्याच्या घरात राहिले, आता अर्ध्या घरात मी पाय टाकायची न्हाई."

भिंती दाराच्या वरपर्यंत आल्या आणि मालनबाई गेल्या.

तर शुक्रवारी डबा गायब. दिनकरराव स्वयंपाकघरात गेले. श्राद्धासाठी सोनपेठहून आलेली त्यांची थोरली बहीण नर्मदाबाई भाकरी थापत होती.

"आक्का, तांदळामागचा डबा कुठं गेला?"

नर्मदाबाईंचा हात थांबला नाही. "तू उघडून पाहिला होतास तो?"

"माझाच हाय तो."

"तुझा न्हाई. तुझ्या वाइटावर टपलेल्याचा हाय. मालन का गेली ते कळलं मला. बाईची बाहुली, मुंडकं येगळं, धड येगळं. टाचण्या. कुंकू. बाईमाणसाचे केस. दिनकर, तुझ्या घरात करणी होती."

डोकं वेगळं होतं हे खरं. मान सैल झाली म्हणून दिनकररावांनीच ते काढून ठेवलं होतं. कागदाचा कपटा घालून घट्ट बसवायचं होतं.

"डबा कुठं हाय?"

"चुडाव्याला. काल मुंजाजीच्या रिक्षानं स्टेशनावर गेले, तिथून पाशिंजर धरली. तिथले बन्सीधर म्हाराज लय कडक हायत. डबा बघताच म्हणले, करणारी बाई उंचावर राहते आणि हिरवं नेसते."

दिनकररावांनी खिडकीतून वर पाहिलं. माडीवर घरमालकाच्या बायको, कमलबाई, कठड्यावर साडी वाळत घालत होत्या. साडी हिरवी होती.

"आक्का, तू कमलबाईंना काही बोललीस का?"

"मी का भिते? दुपारीच वर जाऊन सांगितलं तिला."

साडी टाकून होताच जिन्यावर चपला वाजल्या. घरमालक आबासाहेब पुढे, मागे कमलबाई.

"दिनकरराव," आबासाहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात चेटकीण राहते म्हणं. मग तुमी कशाला जीव धोक्यात घालता?"

"गैरसमज झालाय आबासाहेब. ती करणी न्हाई. ती आमची मालन हाय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"डब्यात?" कमलबाईंनी विचारलं.

"डब्यात."

"आणि केस?"

"तिचेच."

कमलबाई दोन पावलं मागे सरकल्या. "अगं बाई. म्हंजे वरीसभर आमी वर आणि ती खाली?"

खरं बोलून माणूस इतका अडचणीत येतो हे दिनकररावांना तोवर ठाऊक नव्हतं. नर्मदाबाईंनी कपाळाला पिठाचा हात लावला. "गेलेल्या माणसाचे केस घरात ठिवलेस? तरीच. तरीच दहाव्याला कावळा शिवंना."

ते मात्र सगळ्या परभणीला माहीत होतं. दहाव्या दिवशी गंगाखेडला, गोदावरीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं. नर्मदाबाईंनी हात जोडून सांगितलं, "मालन, तुझ्या मोहनमाळेला मी हात लावायची न्हाई." कावळा फांदीवरच. भाच्याने सांगितलं, "मामी, मामाला सांभाळीन." कावळ्याने मान फिरवली. बहुतेक त्याचाही विश्वास बसला नसावा. उन्हं डोक्यावर आली. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी दिनकरराव पुढे झाले. "मालन, घर पुरं करीन. तुला आत नेईन."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच लावली.

त्या दिवसापासून दिनकरराव घर बांधणार ही बातमी झाली. प्लॉट कुठं घेतला, विहिरीला पाणी किती लागलं, लोक विचारत राहिले. कोणतं घर, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखंही नव्हतं.

आबासाहेबांनी नेमकं तेच धरलं. "कावळ्यापुढं कबूल केलेलं घर झालंच असंल की आता. मग आमचं खाली करा. पाडव्याला दुसरा भाडेकरू येतोय."

दिनकररावांनी पलंगाखालून पाट ओढला. त्यावरचा टॉवेल काढला. लाल भिंती, पिवळ्या खिडक्या, अजून न बसवलेलं छप्पर बाजूला.

"हे ते घर."

आबासाहेब वाकले. खिडकीतून आत पाहिलं. उठून उभे राहिले.

"ह्याच्यात राहायला जमंल का तुमाला?"

"न्हाई."

"मग पाडव्याला खाली करा," असं म्हणून ते वर गेले.

शनिवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमुळे एसट्या उभ्या होत्या. दिनकरराव आगगाडीने चुडाव्याला गेले. वाटेत त्यांच्या मनात फक्त एकच गोष्ट होती. उद्या तिला घरात नेता आलं नाही, तर गोदावरीच्या काठी दिलेला शब्द खोटा पडणार. जिवंतपणी त्यांनी मालनबाईंना पुष्कळदा घराचं बोलून दाखवलं होतं. ते सगळं हवेत गेलं. हा एक शब्द तरी राहावा.

बन्सीधर महाराज लिंबाखाली बसले होते. पुढ्यात बिस्किटाचा डबा, डब्यात तंबाखू.

"म्हाराज, ह्यातली बाई कुठं हाय?"

"तुमची का ती?" महाराजांनी निःश्वास सोडला. "न्या बाबा. तिठ्यावर पुरायला गेलो, खड्डा बी खांदला. पण ती हसायली. हजार करण्या काढल्या मी, हसणारी पाहिली न्हाई. दोन रात्री डोळा लागला न्हाई माझा."

त्यांनी कोनाड्यातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत धड होतं, डोकं होतं, अंबाडाही शाबूत. डावीकडे गेलेलं कुंकू तसंच.

"आणि काडीला बांधलेले केस?"

"ते जाळले. केस जाळावेच लागत्यात."

दिनकररावांनी मान हलवली. भांडण करायला काही उरलं नव्हतं. महाराज म्हणाले, "डबा मात्र राहू द्या. झाकण लय घट्ट बसतंय."

रविवारी श्राद्ध झालं. जेवणं झाली. नर्मदाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या, पण उठून गेल्या नाहीत. दिनकररावांनी पाट उंबऱ्याजवळ आणला. संगणकाचा नकाशा बाजूला पसरला. त्यावर बोट ठेवत एकेक वीट बसवली. एकही चुकली नाही. छप्पर चढवलं. मग मालनबाईंची मान घट्ट केली, दोन बोटांत धरून त्यांना दारापाशी उभं केलं आणि हलकेच आत सरकवलं.

टक्क.

अंबाडा चौकटीच्या वरच्या विटेला अडला. पुन्हा सरकवलं. पुन्हा टक्क. नकाशा काढला तेव्हा अंबाडा नव्हता. यंत्र चुकलं नव्हतं.

"आडवी करून घाल की," नर्मदाबाई न राहवून म्हणाल्या.

"आडवं माणूस घरातून बाहेर काढतात, आक्का. आत आणत न्हाईत."

"मग छप्पर उचलून वरून सोड."

"वरून चोर येतो."

"मग अंबाडा काढ तिचा."

दिनकररावांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. नर्मदाबाई म्हणाल्या, "बरं, ऱ्हायलं."

एकच उपाय होता. दारावरची विटांची ओळ काढायची आणि दार एका विटेने उंच करायचं. पाच मिनिटांचं काम. पण मालनबाईंनी स्वतःच्या हाताने बसवलेली ती शेवटची ओळ होती. बोटांत जोर उरला नव्हता, म्हणून दोन्ही अंगठ्यांनी एकेक वीट दाबली होती आणि दर विटेला थांबून दम घेतला होता.

पाडवा आला तसं दिनकररावांनी बिऱ्हाड हलवलं. मुंजाजीच्या रिक्षात पाट मांडीवर घेऊन बसले. नव्या खोलीतही घर खिडकीशी ठेवलं आहे. मालनबाई दारात उभ्या आहेत, हसत. ती ओळ काढायची राहिली आहे.