वॉटरप्रूफ बाबा

"बाबा, या सुट्टीत तुम्ही दोघं वाळूत बसा आणि मी खोल समुद्रात पोहायला जाऊ का?"

एवढं एका दमात बोलून मुंगीने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कारण प्रश्न नुसता विचारायचा नव्हता. लांबडी आणि चष्मिस या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत अटी घातल्या होत्या. 'प्लीज' म्हणायचं नाही, शेवटी लाडिक 'ना' जोडायचा नाही आणि मांजरीच्या पिल्लासारखं तोंड तर मुळीच करायचं नाही. "तुला नाही जमणार," लांबडीने तिथल्या तिथे जाहीर केलं होतं. "खिडकी उघडू का, हेसुद्धा बाईंना तू माझ्याकडून विचारून घेतेस." पण ते गेल्या वर्षीचं झालं. यंदा मुंगीने शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला होता आणि त्या दिवशी तिला जो कंठ फुटला होता, तो बंद व्हायचं नाव घेत नव्हता. घरातलं नाव तेवढं मुंगीच राहिलं होतं.

लांबडी आणि चष्मिस दर सुट्टीत ज्या किनाऱ्यावर जायच्या, तिथेच यंदा मुंगीचे आईबाबाही निघाले होते. तिथे एक ताई खोल पाण्यात पोहायला शिकवायच्या. दोघी मैत्रिणींचे प्रवेश कधीच झाले होते आणि आता फक्त एक जागा उरली होती. मुंगीचा अर्ज गेला होता. पण सोळा वर्षांच्या आतल्या मुलींच्या आईबाबांशी ताई स्वतः फोनवर बोलायच्या आणि दोघांच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय नाव पक्कं करायच्या नाहीत.

बाबा नळ, पाइप आणि टाक्या दुरुस्त करत. कुठे थेंब गळला की सगळे त्यांनाच बोलावत, म्हणून आख्ख्या भागात त्यांना 'गळतीकाका' म्हणत. पाणी कोंडायचं कसं एवढंच त्यांना ठाऊक. समुद्राबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

"ते नुसतं मोकाट पाणी आहे गं," ते म्हणाले. "त्याला ना कॉक, ना व्हॉल्व्ह. बिघडलं तर बंद कुठून करायचं?"

"आधी आरसा बघ, मग ओव्हरटेक कर," आई म्हणाली. ती गाडी चालवायला शिकवायची आणि घरातले सगळे प्रश्न ती त्याच पद्धतीने सोडवायची. "हे बघ मुंगे, जायचं असेल तर क्षणाक्षणाला आमच्या संपर्कात राहायचं. कबूल?"

"कबूल!" मुंगी ओरडली. हा शब्द तिने विचार न करता उच्चारला, हे तिला दोन दिवसांनी कळलं.

दोन दिवसांनी, म्हणजे निघायच्या आदल्या दुपारी, पलंगावर झोपायला जागाच उरली नाही. मुंगीच्या मनगटासाठी घड्याळ होतं, ते हृदयाचे ठोके मोजून आईला कळवणार होतं. पोहण्याच्या पोशाखाला अडकवायचं एक बटण होतं, ते मुंगी कुठे आहे ते बाबांना दाखवणार होतं. तीन पॉवर बँक होत्या, त्या संपल्या तर उन्हावर चालणारा चार्जर होता, आणि ढग आले तर असावा म्हणून हाताने फिरवायचाही एक होता. गळ्यात घालायचे पंखे होते. हवेच्या गादीत हवा भरायचा, बॅटरीवर चालणारा पंप होता. हवेची गादी मात्र नव्हती. फक्त बाबांच्या अंगठ्याने उघडणारी नवी कोरी सुटकेस होती आणि तिच्या तळाशी बाबांचा कामावरचा छोटा स्पीकर होता. बाबा बेसिनखाली आडवे पडून काम करत तेव्हा हात रिकामे नसत, म्हणून त्यांनी त्या स्पीकरला दोन शब्द शिकवले होते. 'उचल' म्हटलं की तो त्यांच्या फोनवरचा कॉल घ्यायचा आणि 'ठेव' म्हटलं की बंद करायचा.

"आणि ही खरी कामाची वस्तू!" बाबांनी प्लॅस्टिकची तीन पारदर्शक पाकिटं नाचवली. फोन आत घालायचा, वरची पट्टी दाबायची की झालं वॉटरप्रूफ. बाबांनी पट्टी दाबून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "याला पट्टी म्हणतात? कपड्यांचा चिमटा यापेक्षा घट्ट असतो."

मुंगी तेवढ्यात गच्चीवर वाळत घातलेला पोशाख आणायला गेली. हीच तिची चूक. दहा मिनिटांनी ती परत आली, तर बाबांच्या हातात सिलिकॉनची बंदूक होती, आईच्या हातात पंप होता आणि टेबलावर तीन पाकिटं उशीसारखी टम्म फुगून पडली होती. प्रत्येकाच्या पोटात एकेक फोन होता. बाबांचा, आईचा आणि मुंगीचाही.

"हे काय केलंत?"

"चारी कडा सील केल्या," बाबा अभिमानाने म्हणाले. "मग आईने बारीकशा भोकातून हवा भरली आणि मी भोकही बुजवलं. प्रेशर टेस्ट! नवीन पाइपलाइनला करतो तशी. बघ, कुठून हवा जातेय का?"

"मग हे उघडायचे कसे?"

"उघडायचे?" बाबांना प्रश्नच कळला नाही. "वॉटरप्रूफ गोष्ट उघडली तर वॉटरप्रूफ राहील का?"

"बाबा! पाच वाजता ताईंचा फोन येणारे! तुमच्या नंबरवर!"

तिघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दोन मिनिटं कमी होती.

"घाबरायचं नाही. गाडी न्यूट्रलला आणा," आई म्हणाली आणि कात्री आणायला स्वयंपाकघरात धावली. बाबांनी पाकिटं पोटाशी धरली. "खबरदार! चोवीस तास सुकायला हवं!"

एवढ्यात त्यांच्या पोटातून, म्हणजे पोटाशी धरलेल्या पाकिटातून, फोन वाजू लागला. प्लॅस्टिकमधून 'समुद्रवाल्या ताई' एवढी अक्षरं स्पष्ट दिसत होती. मुंगीने बोट दाबलं. प्लॅस्टिक आत गेलं आणि फोन माशासारखा सुळकन दुसऱ्या कोपऱ्यात सरकला. ती तिकडे गेली, तो इकडे आला. मग कात्री घेऊन परतलेल्या आईने पाकीट खुर्चीवर टाकलं आणि त्यावर चक्क बसली.

"बघ!" बाबा हरखून म्हणाले. "आख्खी आई बसली, तरी फुसकनसुद्धा झालं नाही!"

"अहो, कौतुक कसलं करताय? फोन उचला! उचला म्हणते ना!"

आणि सुटकेसमधून एक नम्र आवाज आला. "कॉल उचलला."

तिघंही सुटकेसकडे वळले. बाबांना आठवलं, की स्पीकर चालू आहे ना हे बघून त्यांनी तो तसाच, चालूच, बॅगेत भरला होता आणि बॅग बंद केली होती.

"नमस्कार," सुटकेस म्हणाली. "पोहण्याच्या वर्गाच्या ताई बोलतेय. तुमच्या मुलीच्या प्रवेशाबद्दल बोलायचं होतं."

बाबा धाडकन गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चाकांजवळ तोंड नेलं. "बोला ताई! आवाज जरा लांबून येईल. म्हणजे तुम्ही बॅगेत आहात."

"मी कुठे आहे?"

"बॅगेत. मी बाहेर आहे." एवढ्यात उघड्या कात्रीसह आई त्यांच्या डोक्यावर उभी असलेली बाबांना दिसली. "अगं बाई, लागेल! ती कात्री आधी खाली ठेव!"

"कॉल ठेवला," सुटकेस म्हणाली.

मुंगी बाबांवर धावून गेली. "बॅग उघडा! पटकन!" बाबांनी कुलपावर अंगठा दाबला. लाल दिवा. पुन्हा दाबला. पुन्हा लाल. मुंगीने त्यांचा हात उताणा केला. अंगठ्यावर सिलिकॉनचा असा जाड थर बसला होता, की कुलपालाच काय, आईलासुद्धा तो अंगठा ओळखता आला नसता. आई नखाने थर खरवडू लागली, बाबा "हळू, हळू" करू लागले आणि फोन पुन्हा वाजला.

"उचल!" मुंगी ओरडली.

"कॉल उचलला."

"सगळं ठीक आहे ना तिकडे?" ताईंचा आवाज आता सावध झाला होता. "मघाशी कात्रीचं काहीतरी ऐकू आलं."

"काही नाही ताई, माझे आईबाबा पॅकिंग करतायत," मुंगी म्हणाली. "ते बॅगेजवळच आहेत, बोला."

"बरं. मला फार वेळ नाही. त्या एका जागेसाठी दुसऱ्या मुलीचे बाबा इथे समोर येऊन बसलेत. तुमची परवानगी आहे की नाही, तेवढं दोघांनी सांगा."

बाबांनी घसा खाकरला. "हो, म्हणजे आहे परवानगी. फक्त तिच्यावर जरा लक्ष ठेवा..."

"कॉल ठेवला."

"बाबाऽऽ!"

"अहो, तुम्ही पण ना!" आई कडाडली. "जरा तोंडावर ताबा ठेवा की!"

"सध्या कोणताही कॉल चालू नाही," सुटकेसने कळवलं.

मुंगीने दोघांना पलंगाच्या कडेवर, पंख्यांच्या आणि चार्जरच्या मधोमध बसवलं. तिच्या डोळ्यांसमोर लांबडी आणि चष्मिस लाटांमध्ये उड्या मारत होत्या आणि त्यांच्या शेजारी, तिच्या जागेवर, कोणीतरी अनोळखी मुलगी होती. "ऐका. आता फोन आला की तो शब्द काढायचा नाही. 'ठे'सुद्धा नाही. आधी तालीम करू. बाबा, ताईंना काय सांगाल?"

"सांगेन की, पोरगी गुणी आहे, पण वारं फार असेल तर भान ठे..." बाबांनी तोंडावर हात मारला.

"आई, तू?"

"मी म्हणेन, मुंगे, आपले पाय जमिनीवर ठे... अगंबाई." आईने पुन्हा प्रयत्न केला. "मोठ्यांचा मान ठे... हाताशी टॉवेल ठे... डोकं शांत ठे..." ती घाबरून बाबांकडे बघू लागली. "अहो, पंधरा वर्षं आपण या पोरीशी दुसरं काही बोललोच नाही का?"

फोन वाजला.

"उचल," मुंगी म्हणाली. या वेळी तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कॉल उचलला."

"हा माझा शेवटचा फोन," ताई म्हणाल्या. "सरळ विचारते. तुमचा मुलीवर विश्वास आहे का?"

"विश्वास ठे..." बाबांनी सुरुवात केली आणि जीभ चावली. त्यांनी दुसरं वाक्य शोधलं, त्यातही तेच होतं. तिसरं शोधलं. मुंगी त्यांच्या ओठांकडे बघत होती. बाबांच्या सगळ्या सूचना, सगळे इशारे, सगळी काळजी त्या एका शब्दावर टांगलेली होती आणि तो शब्द काढून घेतल्यावर त्यांच्याकडे बोलण्यासारखं एकच उरलं.

"आहे," बाबा म्हणाले.

"माझाही आहे," आई म्हणाली. "हो. जाऊ दे तिला."

आपण काय बोललो याचं दोघांनाही नवल वाटलं.

"वा!" ताई म्हणाल्या. "बाकीचे पालक अर्धा अर्धा तास सूचना देतात हो. नाव पक्कं करते. आणि हो, आईबाबांसाठीही आमचा वर्ग असतो, गुडघाभर पाण्यातला. दोन जागा रिकाम्या आहेत. तुम्हाला पोहता येतं का?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने छताकडे.

"मला गाडी चालवता येते," आई म्हणाली.

"मला पाणी बंद करता येतं," बाबा म्हणाले.

"ताई, दोघांचीही नावं लिहा!" मुंगी म्हणाली.

"लिहिली!"

"अहो ताई, एक मिनिट, माझं जरा ऐकून..." बाबा बॅगेकडे झेपावले. पण मुंगी आधीच चाकांपाशी पोचली होती. तिने ओठ अगदी जवळ नेले आणि गोड आवाजात म्हणाली, "ठेव."

"कॉल ठेवला."

बाबा सुटकेसकडे बघत होते, आई बाबांकडे बघत होती आणि टेबलावर तीन फोन आपापल्या फुग्यात निवांत पडले होते.

"मुंगे," बाबा हळूच म्हणाले, "हे गं काय केलंस?"

मुंगी पलंगावर चढली. दोन पंखे आणि एक पॉवर बँक पायाने बाजूला सारून तिने उभं राहण्यापुरती जागा केली आणि कमरेवर हात ठेवले.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "रोज सकाळी साडेसहाला मी खोल पाण्यात असणार आणि तुम्ही दोघं गुडघाभर पाण्यात. तुम्हाला क्षणाक्षणाला संपर्क हवा होता ना? मग हाक मारायची, मी हात हलवून दाखवीन. यातलं एकही यंत्र आपल्याबरोबर येणार नाही. आणि ती बॅग उघडत नसेल, तर तीसुद्धा येणार नाही. टॉवेल पिशवीत भरा."