दोनदा परत गेलेला परतावा

आयकर खात्याने शिवशरण यांना चारशे बारा रुपयांचा परतावा १९८३ साली दोन वेळा रजिस्टर टपालाने पाठवला आणि दोन्ही वेळा तो पाकीट न उघडता परत गेला.

पत्ता अचूक होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या भूमच्या बाजारपेठेमागे शिवशरण यांचे भाड्याचे घर होते, आणि पोस्टमन बब्रुवान त्या दारावरून रोज दोनदा जात असे. शिवशरण भूजल खात्यात होते. जमिनीखाली पाणी कुठे आहे हे शोधणे हे त्यांचे काम. बहुतेक अहवालांत ते कुठे नाही, हे लिहावे लागे. विमा हप्त्याची पावती वेळेत न पोचल्याने त्यांच्या पगारातून जास्त कर कापला गेला होता.

या रकमेचे काय करायचे, याची चर्चा मात्र रक्कम मंजूर होण्यापूर्वीच सुरू झाली होती. शिवशरण आठवडाभर दौऱ्यावर असत आणि शनिवारी घरी येत. एरवी ते घरात "जेवण झालं", "झोपतो" एवढेच बोलत. त्या वर्षी एका शनिवारी त्यांनी पत्नीला, सत्यभामाबाईंना, विचारले, "चारशे रुपये आले तर काय करावं म्हणतेस?"

"पल्याडचा काठ न दिसणारं पाणी बघायचंय मला," त्या लगेच म्हणाल्या. प्रश्न विचारला जाण्याआधीच उत्तर तयार असावे, इतक्या लगेच.

"म्हंजे समुद्र."

"नाव काय का असंना."

शिवशरण यांनी बार्शी, सोलापूर, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार एसट्यांच्या वेळा कागदावर मांडल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी भरती-ओहोटी समजावून सांगितली. कंदिलाला सूर्य केले, लिंबाला चंद्र.

"थांबा जरा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दिवसाला दोनदा पाणी येतं?"

"दोनदा."

"न सांगता?"

"वेळ ठरलेली असते. दरदिवशी पाऊण-एक तास उशिरा."

"आपला टँकर आठ दिवसाला येतो, त्यो बी सरपंचाच्या घरावरनं." त्या लिंबाकडे पाहत राहिल्या. "तिथली माणसं भांडी कुठं ठिवत असतील ओ, नंबराला?"

असे नऊ शनिवार गेले. दहाव्या शनिवारी खात्याचे साधे पत्र आले : आपला परतावा बटवडा न होता परत आला आहे. शिवशरण यांनी पत्ता पुन्हा कळवला. दुसऱ्यांदा पाठवलेला परतावाही परत गेला. खात्याने या वेळी कारण कळवण्यास सांगितले.

त्या रविवारी थोरले बंधू पंचाक्षरी सकाळीच आले. नियोजित सहकारी साखर कारखान्याचे ते प्रवर्तक होते. "शिवा, रिफंड आला का? चेअरमनला शब्द दिलाय म्या. तुझा पैला शेअर एकटाच पडलाय."

"परत गेला, दादा. दोनदा."

"परत? पैसा कधी परत जातो व्हय? टपालवाल्यानं हाणला आसंल!"

शिवशरण यांनी पुराव्याशिवाय कोणावर संशय घेतला नाही. त्यांनी प्रयोग केला. उस्मानाबादला गेले असता कोऱ्या कागदाची दोन रजिस्टर पाकिटे त्यांनी स्वतःलाच पाठवली. एक भूमच्या कचेरीच्या पत्त्यावर, दुसरे घरच्या. पाठवणारा म्हणून तिथल्या एका स्नेह्याचे नाव घातले. कचेरीचे पाकीट तिसऱ्या दिवशी हातात पडले. घरचे पंधरवड्याने स्नेह्याकडे परतले. म्हणजे दोष टपालघर आणि घराचा उंबरा यांमधल्या दोनशे पावलांत होता.

त्यांनी बब्रुवानला गाठले.

"बाईंनी घेतलं न्हाय, सायेब. दौऱ्यावर हैत म्हनल्या."

"तिन्ही वेळा? मला सांगायचं तर!"

"रजिस्टर परत करणारं तुमचंच एक घर हाय का? निम्मं भूम करतंय. जप्ती आसंल, बदली आसंल, कोर्ट आसंल. म्या कारण इचारत न्हाय. इचारलं तर पानी कोन पाजंल मला उन्हाचं?"

शनिवारी शिवशरण यांनी कंदील पेटवला नाही. "त्यात पैसे होते, हे तुला ठाऊक होतं?"

"व्हय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आणि माझा कोरा कागद?"

"त्यो तुमचा व्हता? पैली दोन पाकिटं बी उस्मानाबादचीच व्हती. शिक्का बघून वाटलं, आले पैसे."

"मग घेतलं का न्हाईस?"

त्यांनी भाकरीचे पीठ परातीत सारखे केले. "मागल्या साली तुमच्या पगाराचा फरक आला, सातशे. सकाळी आला. दुपारी भावजी आले. सांजच्याला घरात कारखान्याच्या शेअरचा कागद व्हता. कारखाना बघितलाव का तुमी?"

"बोर्ड बघितलाय."

"त्या फरकाचं तुमी मला इचारलं बी न्हाय. यंदा न आलेल्या पैशापायी तुमी नऊ शनवार बोललाव. बारा वर्सांत येवढं बोलला न्हाईत." त्यांनी पिठात पाणी ओतले. "पैसे आले की भावजी येत्यात. यायचे आसले की तुमी येताव."

शिवशरण यांनी या अनुमानातील दोष शोधला. "एकाच उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत न्हाय. एकदाच झालंय ते."

"म्हनूनच दुसऱ्यांदा होऊ दिलं न्हाय."

शिवशरण यांनी उठून कंदील लावला आणि सत्यभामाबाईंना विचारले, "लाटा किनाऱ्यावरच का फुटतात, हे सांगितलं होतं का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या आणि पिठाचे हात पुसत समोर येऊन बसल्या.

सोमवारी शिवशरण यांनी खात्याला उत्तर लिहिले : "परतावा परत येण्याचे कारण तपासले. टपालाचा दोष नाही. पाकीट माझ्या पत्नीने घेतले नाही, कारण रक्कम आल्यास समुद्राविषयीचे आमचे बोलणे थांबेल, असे तिचे मत आहे. ते मत मला खोडून काढता आलेले नाही. तरी परतावा पुन्हा पाठवण्याची तूर्त घाई नसावी."