पाच टिकल्या आणि एक तार

वडील जाऊन दीड महिना झाला तरी घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, म्हणून ज्ञानूनं आपणच काहीतरी करायचं ठरवलं. (ज्ञानूनं काही ठरवलं, की घरातले आधी काचेची भांडी उचलून ठेवत.)

थोरला भाऊ लालासाहेब पठाणकोटला फौजेत. वर्षातून दोनदा यायचा, पण लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. गावात दुसऱ्या बायकोची कुजबुज सुरू झाली होती.

आष्ट्याच्या नर्सबाईंनी लीलावहिनीला तपासून सांगितलं होतं, की तुझ्यात खोट नाही, नवऱ्याची सुट्टी चुकते. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं, ते जेमतेम एक दिवस टिकतं. तो दिवस आणि त्याआधीचे चार, एवढेच कामाचे. वहिनीनं तीन महिने पाळीच्या तारखा धरल्या आणि कॅलेंडरवर कुंकवाच्या पाच टिकल्या लावल्या.

ज्ञानूनं खोदून विचारलं, तेव्हा ती भिंतीकडं बघत म्हणाली, “ह्या दिसांत ते घरी पायजेत.”

पहिल्या टिकलीच्या सकाळी ज्ञानूनं तार ठोकली: आई सीरियस, लगेच ये.

तार पोचायला एक दिवस, रजेला एक, गाडीला तीन. चौथी नापास माणसालाही हे जमलं असतं. (ज्ञानू चौथी पास होता.)

सहाव्या दिवशी लालासाहेब दारात उभा राहिला. डोक्याचा गोटा. वडलांच्या वेळी तो पोचला तेव्हा दहावासुद्धा उरकला होता. म्हणून या खेपेला ‘सीरियस’ म्हणजे आई गेलीच असं धरून त्यानं मिरज स्टेशनबाहेरच मुंडण करून घेतलं होतं.

आई उंबऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलं.

“कुणाचं केलंस रं हे?”

तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो वडलांसाठी राहिलेलं सगळं रडला. दाराआडून ज्ञानूही रडला. आई दोघांच्या मधोमध शेंगांची टरफलं झाडत राहिली.

वहिनी कॅलेंडरपाशी गेली. शेवटची टिकली कालची होती. रजा दहा दिवसांची.

संध्याकाळी सगळं उघड झालं, तेव्हा लालासाहेबानं ज्ञानूला मारलंही नाही, हेच ज्ञानूला जास्त लागलं. वहिनीनं पुढच्या टिकल्या मोजून तारेसाठी त्याआधीचे पाच दिवस बोटांवर धरले.

“आता आईचं नाव न्हाई घालायचं,” ज्ञानू पडेल आवाजात म्हणाला. “माझं घालतो. ज्ञानू सीरियस.”

वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

“नगं भावजी. तुमच्यासाठी ते पोस्टकार्ड धाडतील.”